तारणहाराची बखर आणि परक्यांचा मका

मागील शैक्षणिक वर्षात आमच्या महाविद्यालयात नेतृत्वविकासावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. अशा कार्यशाळा आता वर्षातून दोन-तीन होतातच. त्यांचे अहवाल लिहिण्याचे काम भाषाविभागाकडे येते, म्हणून मीही शेवटच्या रांगेत वही घेऊन बसलो होतो. पाहुण्या वक्त्यांनी एक गोष्ट सांगितली. १६०७ साली शंभरेक इंग्रज अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांतले निम्मे जंटलमन, म्हणजे हाताला कधी माती न लागलेले. ते सोने शोधत बसले, शेत कोणी केले नाही आणि माणसे पटापट मेली. मग कॅप्टन जॉन स्मिथ नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा पुढे आला. जो काम करणार नाही त्याला जेवण मिळणार नाही, असे फर्मान त्याने काढले आणि वसाहत वाचली. पुढे तो जखमी होऊन मायदेशी परतला आणि त्याच हिवाळ्यात माणसांनी माणसांना खाल्ले. तात्पर्य, नेता असेल तर समूह जगतो, नसेल तर मरतो. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या वर्गातली मुले होती. त्यांतल्या अनेकांची गावे दुष्काळी पट्ट्यातली. राबराब राबूनही अर्धपोटी राहिलेली माणसे त्यांनी परक्याच्या नव्हे, स्वतःच्या घरात पाहिलेली आहेत. जो काम करील तो खाईल हे सूत्र त्यांनाही विनाशंका पटावे, याचा मला विषाद वाटला. राग आला तो मात्र स्वतःचाच, कारण त्या वेळी उठून चार प्रश्न विचारावेत एवढी माझी तयारी नव्हती. नंतर जमेल तेवढे वाचले. त्या वाचनातून बनलेले मत येथे मांडतो आहे. मी मराठीचा अध्यापक आहे, इतिहासाचा नव्हे. पण हा प्रश्न आधी वाङ्मयाचा आहे आणि मग इतिहासाचा, असे माझे म्हणणे असल्यामुळे त्यात तोंड घालण्याचा अधिकार मी घेतो आहे.

वक्त्यांनी सांगितलेल्या गोष्टीतील घटना खोट्या नाहीत. व्हर्जिनिया कंपनीला राजा पहिला जेम्स याची सनद एप्रिल १६०६ मध्ये मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तीन गलबते लंडनहून निघाली आणि १६०७च्या मे महिन्यात चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या एका नदीच्या काठी १०४ पुरुष आणि मुलगे उतरले. पहिला अध्यक्ष एडवर्ड मारिया विंगफील्ड. त्याला सप्टेंबरात पदच्युत करण्यात आले. त्याच्यामागून रॅटक्लिफ आला. मंडळातील एका सभासदाला गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. जानेवारी १६०८ मध्ये पहिली कुमक आली तेव्हा १०४ पैकी ३८ जण हयात होते. स्मिथ सप्टेंबर १६०८ मध्ये अध्यक्ष झाला. ऑक्टोबर १६०९ मध्ये दारूच्या स्फोटात भाजून तो इंग्लंडला परतला आणि पाठोपाठ इतिहासात 'उपासमारीचा काळ' म्हणून नोंदला गेलेला हिवाळा आला. इथवर वाद नाही. वाद आहे तो या घटनांना एका माणसाच्या दोऱ्यात ओवण्याबद्दल.

पहिला प्रश्न साधा आहे. ही गोष्ट आपल्याला सांगितली कोणी? उत्तर असे की, प्रामुख्याने स्मिथनेच. त्याचे पहिले वृत्तान्तवजा पुस्तक 'अ ट्रू रिलेशन' १६०८ मध्ये लंडनला छापले गेले. 'अ मॅप ऑफ व्हर्जिनिया' १६१२ चे. त्याच्या जोडीला वसाहतीच्या कारभाराचा जो वृत्तान्त आहे, तो त्याच्या बाजूच्या माणसांच्या लिखाणातून जुळवलेला आहे. 'द जनरल हिस्टरी' हा मोठा ग्रंथ १६२४ चा. या शेवटच्या ग्रंथात स्मिथ स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषात करतो. 'मी' चा 'कॅप्टन स्मिथ' होतो. निवेदकाने आपल्याच पात्रापासून अंतर राखल्याचा आभास निर्माण केला की आत्मस्तुतीला इतिहासाचा स्वर येतो, हे कथनमीमांसा शिकवणाऱ्या कोणालाही नव्याने सांगायला नको.

पोकाहोन्तसची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. स्थानिक राजाच्या मुलीने आपले मस्तक स्मिथच्या मस्तकावर ठेवून त्याचा जीव वाचवला, हा प्रसंग १६०८ च्या पुस्तकात नाही. तो सविस्तर अवतरतो १६२४ मध्ये. तोवर पोकाहोन्तस १६१७ साली इंग्लंडात ग्रेव्हसेंड येथे मरण पावली होती आणि तिचा पिताही १६१८ मध्ये गेला होता. खोडून काढणारे कोणी उरले नव्हते. न्यायाने बोलायचे तर १६०८ चे पुस्तक स्मिथच्या गैरहजेरीत आणि काटछाट होऊन छापले गेले, त्यामुळे केवळ अनुल्लेखावरून प्रसंग बनावट ठरत नाही. १८६० च्या दशकात चार्ल्स डीन आणि हेन्री ॲडम्स यांनी शंका उपस्थित केल्यापासून त्यावर वाद चालू आहे आणि तो येथे मिटवण्याचे कारण नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, ज्या लेखकाच्या बाबतीत असा वाद संभवतो, त्याच्या शब्दावर नेतृत्वाचे शास्त्र उभारता येत नाही.

दुसऱ्या बाजूचे कागद नव्हते असे नाही. पदच्युत विंगफील्डने आपली कैफियत लिहिली होती. ती छापली गेली १८६० मध्ये. उपासमारीच्या हिवाळ्यात अध्यक्ष असलेला जॉर्ज पर्सी याने स्मिथच्या ग्रंथाला उत्तर म्हणून आपला वृत्तान्त लिहिला. तो संपूर्ण छापला गेला १९२२ मध्ये. म्हणजे एका बाजूचा ग्रंथ लेखकाच्या हयातीत बाजारात आला आणि दुसऱ्या बाजूचे कागद अडीच-तीन शतके कपाटात पडून राहिले. विंगफील्ड आणि पर्सी हे निःपक्षपाती साक्षीदार होते असे मी मुळीच म्हणत नाही. दोघांनाही आपली अब्रू वाचवायची होती. पण तिन्ही साक्षीदार हितसंबंधी असताना त्यांतल्या एकालाच इतिहासकार म्हणणे आणि उरलेल्या दोघांना आरोपी म्हणणे, हा न्याय नव्हे.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. बखर कशी वाचावी हे आपण त्याला शिकवतो. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेची जी झडती घेतली, ती आपल्या अभ्यासक्रमात आहे. बखर खोटी म्हणून फेकून द्यायची नसते. ती कोणी, कोणासाठी, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, हे विचारून तिची वाङ्मयीन सत्यता आणि ऐतिहासिक सत्यता वेगळी करायची असते. मग आपल्या बखरींना लावलेली ही कसोटी इंग्रजी बखर समोर आली की आपल्या हातून गळून का पडते? इंग्रजीतून आलेले ते 'केस स्टडी' आणि मराठीतले ते 'आख्यान', असा काही अलिखित नियम आहे काय?

आता दुसरा प्रश्न. १६०७ च्या उन्हाळ्यात माणसे मेली ती कशाने? आळसाने, असे वक्ते म्हणाले. आळसाने माणूस जूनपासून सप्टेंबरपर्यंत एवढ्या वेगाने मरत नाही. वसाहतीसाठी निवडलेली जागा दलदलीच्या काठची होती. सखल आणि ओलसर जागा निवडू नये अशी कंपनीची लेखी सूचना असूनही ती निवडली, कारण स्पॅनिश जहाजांपासून संरक्षणासाठी नदीत आत शिरलेले ठिकाण हवे होते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला की समुद्राचे खारे पाणी वर चढते आणि माणसांनी टाकलेली घाण वाहून न जाता तेथेच रेंगाळते. हेच पाणी हे लोक पीत होते. भूगोलाचे अभ्यासक कारव्हिल अर्ल यांनी १९७९ मध्ये विषमज्वर, हगवण आणि क्षारयुक्त पाण्याची बाधा यांच्याशी या मृत्यूंची सांगड घातली. त्याच वर्षी कॅरन कपरमन यांनी आणखी एक मुद्दा मांडला. समकालीन लेखकांना जो आळस दिसला, ती निदान काही अंशी कुपोषणाने येणारी ग्लानी होती. म्हणजे ज्याला गुन्हा समजून शिक्षा केली जात होती, ते रोगाचे लक्षण असू शकते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कामचुकार ठरवून त्याचे ताट काढून घेणाऱ्याला आपण एरवी काय म्हणतो?

त्यात अवर्षणाची भर. १९९८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात डेव्हिड स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या भागातील जुन्या सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वर्षवलये मोजून त्यांनी दाखवले की, १६०६ ते १६१२ ही सात वर्षे तेथील सुमारे ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षे होती. इंग्रजांना याची कल्पना नव्हती. त्यांना वाटले, येथे पाऊस असाच पडत असेल. स्थानिक लोक धान्य द्यायला कचरतात ते हेकटपणाने, असेही त्यांना वाटले. वास्तविक देणाऱ्याचेच कोठार अर्धे रिकामे होते. खोडातल्या वलयाला कोणाची बाजू घ्यायची नसते. म्हणून स्मिथ, पर्सी आणि विंगफील्ड या तिघांच्याही साक्षीपेक्षा ही साक्ष मला अधिक मोलाची वाटते.

यावर कोणी म्हणेल की, परिस्थिती सर्वांना सारखीच होती, तरीही स्मिथच्या कारकिर्दीत मृत्यू कमी झाले, त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्मिथच्या काळात मृत्यू खरोखरच कमी झाले. पण ते कशामुळे कमी झाले, याचे उत्तर त्याच्याच पक्षाच्या वृत्तान्तात आहे आणि ते वक्त्यांच्या उत्तराहून निराळे आहे. १६०९ च्या वसंतात कामाचे फर्मान निघाले, विहीर खणली गेली, जमीन नांगरली गेली. आणि मग लक्षात आले की, कोठारातले धान्य काही कुजले आहे आणि उरलेले उंदरांनी खाल्ले आहे. हे उंदीर इंग्रजांच्याच जहाजांतून आलेले. फर्मानाने उंदीर ऐकत नाहीत. तेव्हा स्मिथने जे केले ते महत्त्वाचे आहे. त्याने माणसे किल्ल्याबाहेर पांगवली. काहींना नदीमुखाकडे कालवे खायला पाठवले, काहींना मासेमारीला, काहींना धबधब्याकडे आणि काहींना चक्क स्थानिकांच्या वस्तीत राहायला. त्या रोगट पाण्यापासून माणसे दूर गेली आणि जेथे अन्न होते तेथे पोचली. ती जगली ती शिस्तीने एकत्र बांधल्यामुळे नव्हे, तर सुटी केल्यामुळे.

ऋतूमानाप्रमाणे वस्ती पांगवणे, वसंतात मासे आणि कालवे, शरदात मका, हिवाळ्यात शिकार, ही तर तेथील मूळ रहिवाशांची शेकडो वर्षांची रीत होती. स्मिथचे श्रेय असेल तर ते हे की, त्याने ती पाहिली आणि अडचणीच्या वेळी उचलली. हे श्रेय मी त्याला मोकळ्या मनाने देतो. पण मग नेत्याचा गुण म्हणून सांगायचे ते काय? दुसऱ्यांकडून शिकण्याची तयारी, की उपाशी माणसावर उगारलेली छडी? वक्त्यांनी पहिले गाळले आणि दुसरे सांगितले. हे केवळ विस्मरण नसावे. आजच्या व्यवस्थापनाला छडीचे समर्थन हवे आहे, शिकण्याच्या तयारीला तेथे विशेष गिऱ्हाईक नाही.

येथे तिसरा प्रश्न येतो आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत मोठा आहे. मका कोणाचा होता? ज्याला इंग्रज पॉव्हाटन म्हणत, त्या वाहुनसेनाकॉच्या सत्तेखाली तीसच्या आसपास जमाती होत्या. त्या प्रदेशाला ते त्सेनाकोमाका म्हणत. मक्याची शेती मुख्यतः बायका करीत. पहिल्या हिवाळ्यात इंग्रज जगले ते त्यांनी दिलेल्या धान्यावर, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. पुढे देणे आटले तेव्हा स्मिथने धाकदपटशा सुरू केला. १६०९ च्या आरंभी त्याने ओपेचानकानो या प्रमुखाचे केस पकडून छातीशी पिस्तूल लावले आणि धान्य मिळवले, हे वर्णन त्याच्याच बाजूच्या पुस्तकात अभिमानाने आलेले आहे. जो काम करणार नाही त्याला अन्न नाही असे स्वतःच्या माणसांना सांगणारा हा नेता, ज्यांनी काम केले त्यांचे अन्न पिस्तूल दाखवून नेत होता. नियम बायबलातला, पौलाच्या पत्रातून घेतलेला. मका मात्र शेजारच्या बाईच्या शेतातला.

लंडनमधल्या कंपनीचा कारभार तर उंटावरून शेळ्या हाकण्याचा. १६०८ च्या शरदात न्यूपोर्ट दुसरी कुमक घेऊन आला, ती पॉव्हाटनला मुकुट घालण्याची आज्ञा घेऊन. सोबत पलंग, तस्त आणि लाल झगा. मुकुट स्वीकारायला गुडघे टेकायचे असतात, हे काही त्या राजाला पटेना. हा प्रसंग विनोदी वाटतो, पण त्यामागचे गणित विनोदी नव्हते. जहाजात जी जागा धान्याला मिळायची ती पलंगाला मिळाली. जे हात शेतात हवे होते ते सोन्याच्या आणि दक्षिण समुद्राच्या वाटेच्या शोधात गुंतले. हे निर्णय ज्यांनी घेतले त्यांच्यावर कार्यशाळेत कोणी बोलत नाही. भागधारकांच्या मंडळाला दोष देणारी गोष्ट नेतृत्वाच्या कार्यशाळेत कशी चालेल?

राहता राहिला तो हिवाळा. स्मिथ गेला आणि वसाहत कोसळली, हा पुरावा सर्वांत बळकट समजला जातो. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली म्हणून फांदी कावळ्याने तोडली असे होत नाही. १६०९ च्या उन्हाळ्यात नऊ जहाजांची मोठी कुमक निघाली होती. वादळात तिचे मुख्य जहाज 'सी व्हेंचर' हरवले. त्यावर नवा गव्हर्नर टॉमस गेट्स आणि इतर अधिकारी होते. ऑगस्टमध्ये उरलेली जहाजे पोचली ती शेकडो नवी तोंडे घेऊन, पण पुरेशा शिध्याविना. त्यांना सामावण्यासाठी माणसे पुन्हा पांगवताना या वेळी स्थानिकांच्या गावांवरच हात टाकला गेला आणि लढाई पेटली. हे सर्व घडले तेव्हा अध्यक्ष स्मिथच होता. त्याच्या प्रयाणानंतर थोड्याच काळात किल्ल्याला वेढा पडला, पण ठिणगी आधीची होती.

त्या हिवाळ्यात घोडे, कुत्री, मांजरे, उंदीर, बुटांचे कातडे असे सर्व खाऊन झाल्यावर मेलेली माणसे खाल्ली गेली, असे पर्सीने लिहिले. त्यावर कित्येकांचा विश्वास नव्हता. १९९४ पासून तेथे चाललेल्या उत्खननात २०१२ मध्ये कचऱ्याच्या थरातून एका मुलीची कवटी आणि पायाचे हाड मिळाले. स्मिथसोनियन संस्थेच्या डग्लस ओव्स्ली यांनी तपासून हाडांवरील सुऱ्याचे आणि कुऱ्हाडीचे घाव मांस काढण्यासाठी केलेले आहेत, असा निष्कर्ष काढला आणि तो २०१३ मध्ये जाहीर झाला. मुलीचे वय १४ च्या आसपास. तिचे खरे नाव कोणाला ठाऊक नाही, संशोधकांनी तिला जेन म्हटले. ती काम करीत नव्हती म्हणून उपाशी राहिली, असे सभागृहात उभे राहून म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

उलट बाजूचा पुरावाही याच काळातला आहे. हरवलेले 'सी व्हेंचर' बर्म्युडाच्या खडकांवर आदळले होते. त्यावरील सुमारे १५० माणसे किनाऱ्याला लागली आणि तेथे नऊ-दहा महिने राहिली. मासे, कासवे, रानडुकरे आणि पक्षी विपुल होते. त्यांच्यांत भांडणे झाली, बंडाळ्या झाल्या, एकाला देहदंडही झाला. एवढे होऊनही बहुतेक सारे जगले. त्यांनी दोन लहान जहाजे बांधली आणि मे १६१० मध्ये ते जेम्सटाउनला पोचले. तेथे ६० च्या आसपास सांगाडे त्यांची वाट पाहत होते. एकच कंपनी, एकाच धर्माची आणि एकाच वर्गाची माणसे, सारखीच भांडकुदळ. फरक होता तो पाण्याचा, अन्नाचा आणि शत्रू नसण्याचा. विल्यम स्ट्रेचीने या वादळाचे आणि बेटाचे वर्णन पत्रातून लिहिले. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मागे ते पत्र असावे असे अनेक अभ्यासक मानतात. आपले इंग्रजीचे सहकारी ते नाटक शिकवताना बर्म्युडाचा उल्लेख आवर्जून करतात. त्यांनी त्याच वाक्यात जेम्सटाउनचा हिशेबही मांडावा, एवढीच विनंती.

मग नेतृत्वाचा काहीच संबंध नाही, असे मी म्हणतो का? नाही. जेम्सटाउनमध्ये माणसे बुटांचे कातडे खात होती तेव्हा नदीच्या मुखाशी पॉइंट कंफर्ट येथील इंग्रजांच्याच लहान किल्ल्यात खेकडे इतके होते की ते डुकरांना घातले जात. पर्सीला हे कळले वसंतात, तो स्वतः तेथे गेला तेव्हा, आणि ते त्याने स्वतःच संतापाने लिहिले आहे. नेतृत्वाचा प्रश्न येथे आहे. अन्न कोठे आहे हे माहीत असणे आणि माणूस तेथवर पोचवणे. पर्सी नापास झाला तो कठोर नव्हता म्हणून नव्हे, तर त्याला आपल्याच वसाहतीची खबर नव्हती म्हणून.

कठोरपणाची परीक्षाही पुढे झाली. गेट्सने आणलेले आणि १६११ मध्ये आलेल्या टॉमस डेलने वाढवलेले कायदे १६१२ मध्ये लंडनला छापले गेले. कोठारातून चोरी केली तर मृत्युदंड, स्थानिकांकडे पळून गेले तर मृत्युदंड. माणसे पळत होती, कारण तिकडे जेवायला मिळत होते. याहून बोलका निर्णय कोणत्या न्यायासनाने दिला असता? वसाहतीत धान्य पिकू लागले ते याच डेलने १६१४ च्या सुमारास माणसांना स्वतःच्या कसण्यासाठी तीन-तीन एकर तुकडे दिले तेव्हा. सामाईक शेतात आठवड्याचे काम जेवढे होत नसे तेवढे स्वतःच्या तुकड्यात एका दिवसात होते, अशा अर्थाची नोंद वसाहतीचा चिटणीस राल्फ हेमर याने केली आहे. म्हणजे आळशी म्हटली गेलेली माणसे आळशी नव्हतीच. त्यांचे श्रम दुसऱ्याच्या भागभांडवलावर जमा होत होते.

आणि शेवटी 'वसाहत वाचली' या शब्दांकडेही पाहायला हवे. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास तंबाखू लावला आणि कंपनीला विकायला माल मिळाला. १६१९ मध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेले वीसहून थोडे अधिक लोक पॉइंट कंफर्टला उतरवून धान्याच्या मोबदल्यात दिले गेले. तंबाखूसाठी जमीन बळकावणे वाढत गेले तेव्हा २२ मार्च १६२२ रोजी त्याच ओपेचानकानोने हल्ला केला. त्यात ३४७ वसाहतकार मारले गेले आणि सूडाचे सत्र पुढे अनेक वर्षे चालले. १६२४ मध्ये कंपनीची सनद रद्द झाली. तोवर सहा हजारांच्या आसपास माणसे तेथे पाठवली गेली होती. १६२५ च्या शिरगणतीत भरली ती बाराशेच्या घरात. थोडे परतले असतील, पण बहुसंख्य मेले. वसाहत टिकली, वसाहतकार टिकले नाहीत. लंडनहून नवी माणसे येत राहिली म्हणून नकाशावरचे नाव पुसले गेले नाही. याला तगून राहणे म्हणायचे असेल तर गिरणीचे जातेही तगून राहते. दळले जाते ते धान्य.

हा सारा दूरदेशीचा कारभार, त्याच्याशी आपला काय संबंध, असेही कोणी विचारील. व्हर्जिनिया कंपनीचा प्रमुख सर टॉमस स्मिथ हाच १६०० साली सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. १६०७ मध्ये जेम्सटाउनला माणसे उतरवणारा क्रिस्टोफर न्यूपोर्ट पुढे याच कंपनीच्या चाकरीत आला. १६१५ मध्ये टॉमस रो जहांगिराच्या दरबारी वकील म्हणून सुरतेला आला तो न्यूपोर्टच्या जहाजातून. न्यूपोर्ट १६१७ मध्ये जावा बेटावर मेला आणि डेल १६१९ मध्ये आपल्या मच्छलीपट्टणला. तेव्हा ही गोष्ट ऐकताना आपण प्रेक्षकांत बसलो आहोत असे समजण्याचे कारण नाही. तिच्यातील मका पिकवणाऱ्यांच्या बाजूला आपली जागा आधीच राखून ठेवलेली होती.

ज्या राज्यात १९७२ च्या दुष्काळानंतर मागेल त्याला काम देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा केला, त्या राज्यातल्या महाविद्यालयात स्मिथच्या फर्मानाला टाळ्या पडतात, हे मला विसंगत वाटते. रोजगार हमीच्या अंमलबजावणीत शेकडो दोष असतील, आहेतच. पण तिचे तत्त्व स्मिथच्या तत्त्वाच्या नेमके उलटे आहे. तेथे प्रश्न उपाशी माणसाला विचारला जात नाही, कोठार ज्याच्या ताब्यात आहे त्याला विचारला जातो.

स्मिथला अभ्यासक्रमातून काढा, असे माझे म्हणणे नाही. उलट तो नीट शिकवावा. त्याचे गद्य जोरकस आहे, पात्रे उभी करण्याची हातोटी आहे, पॉव्हाटनच्या तोंडी त्याने घातलेले भाषण तर वर्गात वाचण्याजोगे आहे, आणि ते पॉव्हाटनचे किती व स्मिथचे किती, यावर एक तास सहज जाईल. पण त्याच्या शेजारी पर्सी ठेवावा, विंगफील्डची कैफियत ठेवावी, सायप्रसची वलये आणि त्या चौदा वर्षांच्या मुलीची हाडे ठेवावीत. मी येत्या सत्रात पदव्युत्तर वर्गाच्या तौलनिक साहित्याच्या तासाला हे करून पाहणार आहे. कार्यशाळेत टाळ्या वाजवणारी मुले त्याच वर्गात आहेत. मका कोणाचा होता, हा प्रश्न मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारणार आहे. शेती पाहिलेली मुले आहेत ती. उत्तर त्यांना माझ्याआधी सापडेल, असा मला भरवसा आहे.